जेलीफिश डसल्यास आधी काय, नंतर काय: नाशिकहून समुद्रावर जाणाऱ्यांसाठी

जखम झाली की नाशिककराचा हात आधी नळाकडे जातो. गोदाकाठी वाढलेल्या माणसाला यात वावगे काहीच वाटत नाही, आणि खरचटणे, कापणे, भाजणे या बाबतीत ती सवय योग्यही आहे. जेलीफिशच्या डंखाच्या बाबतीत मात्र हीच सवय वेदना वाढवते. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका किनाऱ्यावर माझ्या भाच्याच्या पोटरीला निळा दोरा गुंडाळला गेला, तेव्हा आम्ही तिघा मोठ्या माणसांनी पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यावर ओतल्या, टॉवेलने खसाखसा पुसले आणि वर सॅनिटायझर लावले. तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या आणि तिन्हींनंतर पोराचा आवाज एकेक पट्टी वर गेला. सहलीला निघणाऱ्या गटांशी बोलताना याच चुका आजही ऐकायला मिळतात, म्हणून हा क्रम लिहून ठेवत आहे.

क्रम समजण्यापुरती एकच गोष्ट आधी लक्षात घ्यावी. जेलीफिश दात लावून चावत नाही. तिच्या लोंबत्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात आणि प्रत्येक पेशीत गुंडाळलेली, विष भरलेली एक सुई असते. त्वचेचा स्पर्श झाला की त्यांतल्या काही सुट्या होतात, पण बऱ्याच पेशी न सुटता धाग्यावर किंवा अंगावर तशाच राहतात. पुढची सर्व काळजी या न सुटलेल्या पेशींना न डिवचण्यासाठी आहे. गोडे पाणी, अल्कोहोल, घासणे आणि दाबणे या चारही गोष्टी त्यांना डिवचतात.

टप्पा १: कुठे जाणार आहोत, त्यावरून औषध ठरवणे

त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू, बोर्डी, केळवे असो, कसारा घाट उतरून अलिबाग, काशीद, मुरूड असो किंवा थेट गोवा असो, या किनाऱ्यांवर पर्यटकाला होणाऱ्या त्रासात दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला म्हणजे 'ब्लू बॉटल'. पाण्यावर तरंगणारा निळसर फुगा आणि खाली लोंबणारे निळे धागे, असे तिचे रूप असते. शास्त्रीयदृष्ट्या ती जेलीफिश नसून अनेक सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. ती स्वतः पोहत नाही, वारा नेईल तिकडे जाते. म्हणूनच पावसाळ्यात समुद्राकडून जमिनीकडे जोराचा वारा सुटला की ती किनाऱ्यावर येऊन पडते. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या या ब्लू बॉटलच्याच. दुसरा प्रकार घुमटासारख्या, पांढुरक्या किंवा तांबूस जेलीफिशचा. यांचा डंख बहुधा जळजळीवर आणि पुरळावर थांबतो.

थायलंड किंवा उत्तर ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे 'बॉक्स जेलीफिश' आढळते. तिचे शरीर चौकोनी पेटीसारखे आणि इतके पारदर्शक असते की पाण्यात ती दिसतच नाही. तिच्यातल्या सर्वांत मोठ्या जातीचे धागे तीन मीटरपर्यंत लांब असतात आणि मोठ्या डंखानंतर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकते. उत्तर ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर ते मे हा तिचा मुख्य हंगाम, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्ट्यांपासून उन्हाळी सुट्ट्यांपर्यंतचा बराच काळ त्यात येतो. तिथेच 'इरुकांजी' नावाची, नखाएवढी एक जेलीफिशही असते. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे तो व्हिनेगरमुळे. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशच्या न सुटलेल्या पेशी निकामी करते, म्हणून त्या प्रदेशांत ते पहिले औषध आहे. ब्लू बॉटलच्या बाबतीत तज्ज्ञांत एकमत नाही: ऑस्ट्रेलियातील प्रथमोपचाराच्या सूचना तिथे व्हिनेगर वापरू नये असे सांगतात, तर हवाईमध्ये २०१७ साली झालेल्या प्रयोगांत ते उपयोगी ठरले. घुमटाकार जेलीफिशच्या काही जातींत मात्र व्हिनेगरने डंख वाढतो. माझे मत असे की कोकण आणि गोव्यासाठी व्हिनेगरचा विचार सोडून समुद्राचे पाणी आणि नंतर गरम पाणी एवढ्यावर भर द्यावा. थायलंड किंवा उत्तर ऑस्ट्रेलियात, कोणती जेलीफिश होती हे कळले नाही तरी, ती बॉक्स जेलीफिशच होती असे समजून व्हिनेगर वापरावे.

तपासणी: निघण्याच्या आदल्या दिवशी गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला 'आपण जाणार तिथे व्हिनेगर वापरायचे की नाही' याचे उत्तर एका शब्दात देता आले पाहिजे. किनाऱ्यावर मूल रडत असताना मोबाइलवर शोधत बसण्याचा हा विषय नाही.

टप्पा २: पिशवी भरणे

लागणारे सामान थोडे असून जवळपास सर्व घरातच मिळते:

- चांगला थर्मास, किमान एक लिटरचा.
- झाकणाची रिकामी बादली किंवा पाय बुडेल असे घमेले. गाडीने जाणाऱ्यांनी हे टाळू नये. किनाऱ्यावर ऐनवेळी हेच मिळत नाही.
- बोथट टोकाचा चिमटा आणि रबरी किंवा नायट्राइल हातमोजे. निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार द्राक्षघड औषधात बुडवताना (डिपिंग) वापरतात तेच, पण कोरे हातमोजे घेतले तरी चालतात. औषध लागलेले मात्र नकोत.
- दोन लिटरची रिकामी बाटली, समुद्राचे पाणी भरून ओतण्यासाठी.
- डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेली वेदनाशामक आणि अॅलर्जीची गोळी. मुलांचा डोस वजनाप्रमाणे लिहून घ्यावा.
- फक्त वर सांगितलेल्या परदेशी किनाऱ्यांसाठी: साधे पांढरे व्हिनेगर, आम्लता चार ते सहा टक्के. किराणा दुकानातल्या बाटलीवर हा आकडा छापलेला असतो. विमानाने जाताना ते चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवावे.

सावधान: ताप मोजण्याचा थर्मामीटर पाण्याचे तापमान पाहण्यासाठी घेऊ नये. तो ४२-४३ अंशांच्या पुढे मोजत नाही आणि आपल्याला लागणारे पाणी त्याहून गरम आहे.

टप्पा ३: वाळूत उतरल्यावर, पाण्यात उतरण्यापूर्वी

गाडीतून उतरल्याबरोबर पोरे पाण्याकडे धावतात, हे कोणी थांबवू शकत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. पाच मिनिटे थांबवता येते, आणि तेवढी पुरतात. या पाच मिनिटांत भरतीने सोडलेल्या ओल्या रेषेच्या कडेने शंभरेक पावले चालावे. तिथे काडीकचऱ्यात निळे फुगे, काचेसारखे गोळे किंवा निळे दोरे पडलेले दिसले तर पाण्यात त्यांचे भाऊबंद आहेत असेच धरावे. लहान मुलांना ते फुगे विलक्षण आवडतात, आणि चौपाटीवर होणाऱ्या डंखांपैकी काही पाण्यात नव्हे तर कोरड्या वाळूवर, फुगा हातात उचलल्याने होतात. मेलेली जेलीफिश, एवढेच काय तिचा तुटलेला धागाही, डसू शकतो.

त्यानंतर जीवरक्षक कुठे आहे ते पाहावे आणि त्याला सरळ विचारावे: आज कोणाला डंख झाला आहे का? लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकांच्या नजरेखालचा पोहण्याचा पट्टा, लाल झेंडा म्हणजे धोका, आणि अनेक देशांत जांभळा झेंडा म्हणजे पाण्यात डसणारे जीव. थायलंडच्या काही किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेले खांब उभारले आहेत. असा खांब दिसला तर त्यात बाटली आहे की नुसताच खांब आहे, हे जवळ जाऊन पाहावे. उत्तर ऑस्ट्रेलियात हंगामात जाळी लावलेल्या कुंपणाच्या आतच पोहावे, परंतु ते जाळे मोठ्या बॉक्स जेलीफिशसाठी असते, नखाएवढी इरुकांजी त्यातून आत येऊ शकते.

टप्पा ४: कपडे

हा टप्पा लहान आहे. दंशपेशीला त्वचेचा स्पर्श लागतो, त्यामुळे अंगाला घट्ट बसणारे पातळ कापडही उपयोगी पडते: पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग. सैल सलवार, लुंगी किंवा फुगीर टीशर्ट मात्र उलटे काम करतात, कारण धागा आत अडकून अंगाला चिकटून राहतो. पायात रबरी बूट असावेत. ते पाकट या चपट्या माशापासूनही वाचवतात, कारण उथळ पाण्यात वाळूखाली दडलेल्या पाकटावर पाय पडला तर शेपटीचा काटा घोट्यात बसतो. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चालल्यास पाकट आधीच निघून जातो.

टप्पा ५: डंख झाला, पहिली दोन मिनिटे

१. माणसाला पाण्याबाहेर काढावे. वेदनेने गोंधळलेला माणूस कमरेइतक्या पाण्यातही बुडू शकतो, म्हणून हाक मारून वाट पाहू नये. आत जाणाऱ्याने स्वतःच्या अंगाला धागे लागणार नाहीत, हे पाहावे.

२. बसवावे आणि हलू देऊ नये. चोळण्यासाठी हात जातोच. तो धरून ठेवावा. 'हात लावू नकोस' असे दहा वेळा सांगण्यापेक्षा मुलाचे दोन्ही हात आपल्या हातात घेणे सोपे पडते.

३. श्वास, शुद्ध आणि चेहरा पाहावा. श्वास लागणे, ओठ किंवा जीभ सुजणे, छातीत दुखणे, डोळे फिरणे यांपैकी काहीही दिसले तर पुढचे टप्पे दुसऱ्याकडे सोपवून लगेच फोन करावा: भारतात ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, थायलंडमध्ये १६६९, ऑस्ट्रेलियात ०००. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यावेत. ज्याला कृत्रिम श्वास देता येतो त्याने ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, ज्याला येत नाही त्याने दाब चालूच ठेवावेत.

४. व्हिनेगरच्या प्रदेशात असाल तर आत्ताच, धाग्यांना हात लावण्यापूर्वी, डंखाच्या पूर्ण भागावर किमान ३० सेकंद व्हिनेगर ओतत राहावे. दोन थेंब कापसाने टिपणे म्हणजे व्हिनेगर लावणे नव्हे. त्याने दुखणे थांबत नाही. ते फक्त पुढचे विष रोखते. त्यामुळे 'काही फरक पडला नाही' म्हणून मध्येच थांबू नये. डोळ्यांत व्हिनेगर जाऊ देऊ नये.

सावधान: लघवी, लिंबू, सोडा, सॅनिटायझर, दारू, पेट्रोल, ओली वाळू, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. शेजारच्या तंबूतून एक तरी अनुभवी काका लघवीचा सल्ला घेऊन येतातच. त्यांना रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगावे, म्हणजे ते कामात राहतात. घट्ट पट्टीही बांधू नये. सर्पदंशाच्या सवयीने दोर आवळणारे लोक आपल्याकडे आहेत, पण दाबाने न सुटलेल्या पेशी सुटतात.

टप्पा ६: धागे काढणे

अंगावर धागे नाहीत असे वाटले तरी समुद्राचे पाणी भरपूर ओतावे. ज्या पाण्यात जेलीफिश राहते त्याच खारटपणाचे हे पाणी असल्याने पेशी डिवचल्या जात नाहीत. गोड्या पाण्याने हा तोल बिघडतो, आणि माझ्या भाच्याच्या पोटरीवर नेमके तेच झाले होते. पाणी भरताना ते किनाऱ्याच्या फेसाळ कडेवरून न घेता थोडे पुढून घ्यावे, कारण कडेला तुटलेले धागे साचतात.

मग हातमोजे घालून चिमट्याने एकेक धागा सरळ वर उचलावा. ओढून किंवा त्वचेवरून घसरवून काढू नये. एटीएम कार्डाच्या कडेने खरवडण्याचा जुना सल्ला आता बहुतेक जाणकार देत नाहीत. निघालेला धागा वाळूत न टाकता बाटलीत किंवा पिशवीत टाकावा, नाहीतर पुढचा अनवाणी पाय त्यावर पडतो.

तपासणी: कपड्यांच्या शिवणी, चड्डीचे इलॅस्टिक, पैंजण, मनगटातला धागा आणि केस पाहिले का? ओळ नीट दिसत असेल तर तिचा फोटो काढून ठेवावा. मण्यांच्या माळेसारखी एक लांब रेघ बहुधा ब्लू बॉटलची असते. शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पट्टे असलेल्या अनेक रेघा बॉक्स जेलीफिशकडे बोट दाखवतात. डॉक्टरांना हा फोटो शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

टप्पा ७: गरम पाणी

वेदनेवरचा खरा उपाय हाच आहे, आणि सर्वांत जास्त लोक हाच टप्पा वगळतात किंवा अर्धवट करतात. जेलीफिशचे विष मुख्यतः प्रथिनांचे असते आणि उष्णतेने त्याची ताकद कमी होते. लागणारे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, वेळ किमान २० मिनिटे. वाचकांचा एक रास्त प्रश्न असतो: गोडे पाणी वापरू नका म्हणता, मग गरम पाणी गोडेच असते ना? धागे काढून आणि खाऱ्या पाण्याने धुऊन झाल्यावरच ते वापरायचे, म्हणून हा टप्पा सातवा आहे. तो चौथ्या क्रमांकावर आणला की घोळ होतो. बॉक्स जेलीफिशची शंका असेल तर गरम पाण्याच्या नादात रुग्णालयाला उशीर करू नये.

किनाऱ्यावर ४५ अंश कसे मिळवावे? चहाच्या टपरीवरून घेतलेले उकळते पाणी असेल तर त्यात तिप्पट साधे पाणी मिसळावे. साधे पाणी २८ अंशांचे असेल तर एक तांब्या उकळते आणि तीन तांबे साधे मिळून ४६ अंश होतात. सकाळी घरून भरलेल्या थर्मासमधले पाणी दुपारपर्यंत ७५ अंशांपर्यंत उतरलेले असते, त्यात दुप्पट साधे पाणी पुरते. बादलीत आधी साधे पाणी घ्यावे आणि गरम पाणी नंतर ओतून ढवळावे. लहान बाळाच्या अंघोळीचे पाणी आजी कोपराने पाहते तसे, डंख न झालेल्या माणसाने आपले कोपर त्यात बुडवून पाहावे: चांगले कडक वाटावे, पण कोपर आत ठेवता आले पाहिजे.

डंख झालेल्या माणसाला 'सहन होते का' विचारून तापमान ठरवू नये. त्याच्या पायाची जाणीव त्या वेळी भरवशाची नसते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या ज्येष्ठांचे आणि लहान मुलांचे भाजणे असेच होते. लॉजवर गीझरची तोटी सरळ पायावर सोडणेही टाळावे, कारण तिथे ६० अंशांचे पाणी येऊ शकते. पाठ किंवा छातीवर डंख असेल तर शॉवर, पण तापमान त्याच पद्धतीने पाहून. बादलीतले पाणी पाचेक मिनिटांत कोमट होते, म्हणून दर वेळी पाय बाहेर काढून थोडे गरम पाणी मिसळावे, ढवळावे, कोपर लावावे आणि मग पाय परत आत. पाकटाचा काटा लागल्यासही हेच गरम पाणी चालते; मात्र तिथे जखम खोल असते आणि काटा आत राहू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना दाखवणे टळत नाही.

गरम पाणी मिळालेच नाही तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावा. वितळलेले पाणी डंखावर ओघळू देऊ नये.

टप्पा ८: थांबून पाहणे

वेदना कमी झाल्याबरोबर माणसाला खोलीवर एकटे पाठवण्याची चूक फार होते. इरुकांजीचा डंख सुरुवातीला मुंगी चावल्याइतका किरकोळ वाटतो, आणि साधारण २० ते ४० मिनिटांनी कमरेत पेटके, उलट्या, दरदरून घाम, प्रचंड बेचैनी आणि वाढलेला रक्तदाब असा खरा त्रास सुरू होतो. म्हणून कोणत्याही डंखानंतर तासभर तरी कोणीतरी सोबत बसावे. परत पाण्यात जाऊ देऊ नये.

थेट रुग्णालय गाठण्याची कारणे अशी: डंख चेहऱ्यावर, मानेवर किंवा गुप्तांगावर असणे, डंखाचा भाग हाताच्या किंवा पायाच्या निम्म्याहून मोठा असणे, लहान मूल, गरोदर स्त्री किंवा हृदयविकार असलेली व्यक्ती, गरम पाण्यानंतरही न ओसरणारी वेदना, आणि वर सांगितलेली कोणतीही सर्वांगीण लक्षणे. डोळ्यात धागा गेल्यास न चोळता सलाइनने धुऊन नेत्रतज्ज्ञ गाठावा.

टप्पा ९: नाशिकला परतल्यावर

पोहण्याचे कपडे आणि टॉवेल वेगळ्या पिशवीत आणावेत आणि हातमोजे घालूनच धुवावेत. वाळलेल्या धाग्यावरच्या पेशी पुन्हा भिजल्यावर डसू शकतात, आणि रविवारी संध्याकाळी घरच्या मोरीत हा डंख ज्या व्यक्तीला होतो ती बहुधा सहलीला आलेलीच नसते.

डंखाच्या रेघा आठवडाभर लाल राहणे आणि खाजणे स्वाभाविक आहे. काहींना काळसर डाग महिनोन्महिने राहतो. त्यावर ऊन लागू देऊ नये, नखे लावू नयेत. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा पुरळ उठले, तर तो नवा आजार नसून शरीराची उशिराची प्रतिक्रिया असू शकते. त्वचारोगतज्ज्ञाला डंखाचा तो फोटो दाखवावा. पू, वाढती सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवावे. माझ्या भाच्याच्या पोटरीवरची रेघ दोन महिन्यांनी पुसट झाली. आता आमच्या गाडीच्या डिकीत घमेले कायमचे पडलेले असते, आणि त्यात कोणी चपला टाकल्या की सर्वांत आधी तोच ओरडतो.